ओळंब्याचा मानकरी

फार फार वर्षांपूर्वी, ज्या काळाची आठवण आता केवळ गोष्टींनाच उरली आहे, अशा काळी एका राज्यात डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होते. डोंगराच्या माथ्यावर विस्तीर्ण कातळ पसरलेला होता. त्या नगराच्या पूर्वजांना राजाने प्रथम तिथेच बोलावले होते. "कातळावर या," तो म्हणाला होता, "आणि माझ्याजवळ राहा." पण कातळ उघडा होता; उन्हात तापत होता. खालची काळी माती मात्र लोण्यासारखी मऊ होती. पूर्वजांनी ती ओंजळीत घेतली, हुंगली, आणि तिथेच पाया खणला.

बाळांनो, काळ्या मातीचा स्वभाव तुम्हांला ठाऊक आहे का? ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि आपल्या पाठीवर उभ्या असलेल्या कशालाही सरळ राहू देत नाही. भिंत कितीही कसबी हातांनी बांधलेली असो, ती हळूहळू कलते. कललेली भिंत एके दिवशी कोसळते. आणि कोसळताना आपल्याखाली कोण निजले आहे, याची ती चौकशी करत नाही.

राजाला हे माथ्यावरून दिसत होते. म्हणून त्याने नगराला एक पितळी ओळंबा पाठवला. दोरीला टांगलेले ते जड वजन भिंतीच्या वरच्या कडेपासून खाली सोडले, की भिंत किती कलली आहे ते तत्क्षणी कळत असे. ओळंब्याबरोबर राजाने एक नियम पाठवला: "प्रत्येक भिंतीला दरवर्षी ओळंबा लावा. जी भिंत बोटभराहून अधिक कलली असेल, तिचे घर रिकामे करा आणि पाडून टाका. जो आपल्या भिंतीचा कल लपवील, त्याने माणसे मरणाच्या दाढेत ठेवली असे मी समजेन. त्याला देहदंड."

नियम कठोर होता. पण त्यात खोटे काही नव्हते.

नगरातील लोकांनी तो नियम शिरोधार्य मानला, मात्र आपल्या पद्धतीने. ओळंब्यासाठी त्यांनी चंदनाची पेटी केली आणि त्याला रेशमी दोरी ओवली. ओळंबा कोणत्या हाताने धरावा, धरण्यापूर्वी काय खाऊ नये, दोरी स्थिर होईपर्यंत कोणत्या पायावर भार द्यावा, यांवर पंचांचे दिवसच्या दिवस वाद रंगत. आपला ओळंबा कधी चुकत नाही, याचा त्यांना इतका अभिमान होता, की आपल्या भिंती चुकत आहेत, याचा विचार करायला कोणालाही सवड झाली नाही.

ओळंबा धरण्याचा मान एका घराण्याकडे होता. आपल्या गोष्टीतला मानकरी हा त्या घराण्यातला सर्वांत काटेकोर पुरुष. मापाच्या महिन्यात तो विडा खात नसे, मोठ्याने हसत नसे. त्याने दोरी सोडली, की घरधन्याचा श्वास अडकत असे. वर्षापूर्वी त्याने एका विधवा कुंभारणीच्या घराला ओळंबा लावला. भिंत बोटभराहून थोडीशीच अधिक कललेली होती. कुंभारीण हात जोडून उभी राहिली. पण मानकऱ्याने मान हलवली, आणि संध्याकाळपर्यंत तिचे घर जमीनदोस्त झाले. तेव्हापासून ती वेशीबाहेर चिंचेखाली झावळ्यांच्या आडोशाला राहत होती. मानकऱ्याला त्या रात्री शांत झोप लागली होती. नियम पाळला गेला होता.

पुढचा उन्हाळा भयंकर आला. जमिनीला अशा भेगा पडल्या, की लहान मूल चालताना त्यांत पाय अडकून पडावे. एके दिवशी मानकऱ्याची लहान मुलगी म्हणाली, "बाबा, आपली भिंत बोलते."

"काय बोलते?" त्याने हसून विचारले.

"कट् म्हणते. मी उशीवर डोकं ठेवलं ना, की म्हणते."

मानकऱ्याचे हसू ओठांवरच थांबले.

दुपारी घरात कोणी नसताना त्याने पेटी उघडली आणि मुलीच्या अंथरुणाशेजारच्या भिंतीला ओळंबा लावला. पितळी वजन हेलकावत हेलकावत थांबले. खाली भिंतीचा पायथा आणि दोरी यांच्यामध्ये त्याची पूर्ण मूठ मावली. भिंत आत झुकली होती, थेट अंथरुणावर. त्याने दोरी पुन्हा सोडली. डावा पाय, उजवा पाय, सगळे नियमाप्रमाणे केले. मूठ पुन्हा मावली.

भिंतीचे सत्य सांगितले, तर घर जाईल, मान जाईल, आणि ज्या हाताने त्याने कुंभारणीचे घर पाडवले, त्याच हाताकडे उद्या सगळे नगर बोट दाखवील. लपवले, तर देहदंड. मग उठून दाराला कडी घातली, चुना कालवला, आणि भिंतीच्या पायथ्याशी गिलाव्याचा जाड थर चढवला. थर सुकल्यावर ओळंबा लावला, तेव्हा दोरी भिंतीला अलगद चिकटून राहिली. भिंत सरळ दिसत होती.

"अहो, परवाच तर मी ही भिंत सारवली होती," घरी आल्यावर त्याची बायको म्हणाली.

"पोपडे निघाले होते."

"आणि पोरीचं अंथरूण का हलवलंत?"

"तिकडे वारा येतो," तो म्हणाला, आणि बायकोच्या डोळ्यांकडे त्याने पाहिले नाही. अंथरूण त्याने हातभर सरकवले होते. त्याहून अधिक सरकवले असते, तर तिला कळले असते.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर त्याला कुंभारीण भेटली.

"मानकरी, बोटांना चुना लागलाय तुमच्या."

"विडा केला होता."

"विडा? मापाच्या महिन्यात?" कुंभारणीने घागर कमरेवर घेतली. "जपा हो. एवढा चुना खाल्लात, तर तोंड भाजेल."

मानकऱ्याने हात उपरण्याखाली घेतले. तिला कळले आहे का? ती पंचांना सांगेल का? त्या दिवसापासून कोणी नुसते रामराम केले, तरी तो आधी हात झाकू लागला. भिंत रोज कट् म्हणत होती. तो रोज चुना कालवत होता.

अशातच नगरात दवंडी पिटली गेली: ज्येष्ठ सरण्यापूर्वी राजा स्वतः येणार आणि स्वतःच्या हाताने प्रत्येक भिंतीला ओळंबा लावणार!

नगरावर जणू प्रेतकळा आली. बाजारातला चुना एका सकाळीत संपला. बंद दारांआडून थाप्यांचे आवाज येऊ लागले. रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण हात झाकून चालू लागला. न्हाव्याचे हात झाकलेले, सोनाराचे हात झाकलेले, पंचांचेही हात शालीच्या आत. मानकऱ्याने ते पाहिले आणि त्याला अधिकच भीती वाटली. सगळे नगर कललेले होते, सगळ्यांना ते ठाऊक होते, आणि कोणी कोणाशी त्याविषयी एक शब्द बोलत नव्हते.

एका सकाळी डोंगरावरून एक परका माणूस उतरला. अंगात गवंड्याचा साधा वेष, खांद्यावर घोंगडी. तो गावच्या पारापाशी आला. तिथे पंच बसलेले होते. मानकरी पेटी घेऊन त्यांच्या उजव्या बाजूला उभा होता.

"राजाने कातळावर घरे बांधली आहेत," तो गवंडी म्हणाला. "दारे उघडी आहेत. आजच चला. ही माती आता फार दिवस कोणाला तोलणार नाही."

"घरे कोणासाठी?" थोरल्या पंचांनी विचारले.

"ज्याला यायचे आहे, त्याच्यासाठी."

"म्हणजे ज्याची भिंत सरळ आहे, त्याच्यासाठी."

"ज्याची भिंत सरळ आहे, असा तुमच्यात कोण आहे?"

पारावर शालींच्या आत हात आणखी खोल गेले.

"आणि देहदंड?" गर्दीतून कोणीतरी दबक्या आवाजात विचारले. "ज्यांनी कल लपवला असेल, त्यांचं काय?"

"तो दंड मी माझ्यावर घेतला आहे."

थोरले पंच हसले. "अहो पाहुणे, देहदंड म्हणजे काय घोंगडी आहे, एकाच्या खांद्यावरून काढून दुसऱ्याच्या खांद्यावर टाकायला?"

लोकही हसले; पण ते हसू घाबरलेल्या माणसांचे होते.

तेवढ्यात कुंभारीण पुढे झाली. "मला येता येईल? माझं घर ओळंब्यात बसलं नाही, बाबा. पाडलं."

"येता येईल."

"बरोबर काय आणू?"

"तू ये, एवढे पुरे."

"तिचं काय जातंय!" सोनार ओरडला. "सोडायला घर तरी कुठं उरलंय तिला?"

"तेच तर म्हणते मी," कुंभारीण मानकऱ्याकडे पाहून म्हणाली. "माझं ओझं मानकऱ्यांनी आधीच हलकं करून ठेवलंय." आणि ती खरोखरच, मागे वळून न पाहता, डोंगराची वाट चढू लागली.

तिच्या मागे आणखी कोणी जाऊ नये, म्हणून पंचांनी तिथल्या तिथे निर्णय दिला. राजाच्या घरात अशुद्ध माणसे शिरणे योग्य नव्हे. ज्याच्या भिंती ओळंब्यात बसतील, त्यालाच डोंगर चढण्याची परवानगी मिळेल. आणि आरंभ मानकऱ्याच्या घरापासून होईल. उद्या दुपारी, सर्वांसमक्ष.

मुलांनो, केवढी ही चूक! घरे कललेली होती म्हणूनच तर त्यांना वर बोलावले होते. आणि त्यांनी ठरवले, की ज्यांची घरे कललेली नाहीत, त्यांनीच वर जायचे.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून मानकरी भिंतीशी झुंजत होता. बायको पाण्याला गेली होती. मुलगी तापाने फणफणलेली होती आणि त्याच अंथरुणावर ग्लानीत पडली होती. तिला उचलायचे त्याच्या मनात आले. पण पंच येण्यापूर्वी थर सुकायला हवा होता. आधी भिंत, मग पोर. त्याची बोटे चुन्याने सोलून निघाली होती. जितका गिलावा तो चढवी, तितक्या नव्या भेगा पडत. भिंत आता कट् म्हणत नव्हती. ती कण्हत होती.

"पुरे कर," दारातून आवाज आला.

तो गवंडी उंबऱ्यात उभा होता. मानकऱ्याच्या हातातून थापी गळून पडली.

"माझी भिंत सरळ आहे!" तो ओरडला. त्याने पेटीतून ओळंबा काढला आणि दोरी सोडली. "बघ! नीट बघ! केसाएवढा फरक नाही."

गवंडी आत आला आणि त्याने गिलाव्यावर तळहात टेकवला. ओला थर पोळीसारखा सुटून खाली पडला. उघडी भिंत दिसली, आणि तिच्या पायथ्यापासून दूर, हवेत लोंबणारी ती दोरी.

"किती कलली आहे?" गवंड्याने विचारले. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि मानकऱ्याला तेच सहन झाले नाही.

"मूठभर," तो म्हणाला. हे त्याने प्रथमच कोणाला सांगितले होते. तो खाली बसला. "मी कुंभारणीचं घर पाडलं. तिची भिंत माझ्या भिंतीच्या पावपटही कललेली नव्हती. मला मरण आहे, हे मला ठाऊक आहे. पण पोर... पोरीचा काय दोष?"

"पोरीला उचल आणि चल."

"असा? असा कसा येऊ? मला चार दिवस दे. पाया खणतो, भिंत नव्याने बांधतो, मग राजाला तोंड दाखवायला येतो."

"या भिंतीत चार दिवस उरलेले नाहीत. पाया बदलशील, माती कशी बदलशील? तुझ्याकडे दाखवण्यासारखे काही असावे, असे राजाने म्हटलेलेच नाही. माझ्यावर विश्वास ठेव आणि चल."

मानकरी तरीही उठला नाही. एका हातात पेटी, दुसऱ्या हातात ओळंबा. आयुष्यभर ज्याच्या जोरावर तो माणसांत उभा होता, ते सोडून रिकाम्या हातांनी चालायचे कसे, हे त्याला कळेना. तेवढ्यात पायाखालची जमीन दबकन खचली. वरून माती झरू लागली. मुलीने डोळे उघडले आणि ती किंचाळली, "बाबा!"

भिंत निघाली होती.

गवंड्याने एका झेपेत अंथरूण ओलांडले आणि भिंतीला पाठ लावली. त्याचे पाय जमिनीत रुतले. मानेच्या शिरा तटतटल्या. "दोन्ही हात लागतील तुला," तो कसाबसा म्हणाला. "टाक ते!"

मानकऱ्याने पेटी टाकली. ओळंबा टाकला. दोन्ही हातांनी त्याने मुलीला छातीशी धरले आणि तो उंबऱ्याबाहेर धावला. मागून असा आवाज झाला, की अंगणातल्या चिमण्या एकदम उडाल्या. आणि मग धुळीशिवाय काही दिसेना.

नगर धावत आले. मानकऱ्याची बायको घागर टाकून आली. मानकरी नखांनी दगडमाती उपसू लागला. "आत माणूस आहे! माझ्यासाठी आत राहिलेला माणूस!" संध्याकाळपर्यंत त्याने उपसले. हात रक्ताळले. शेवटी ढिगाऱ्यातून घोंगडी निघाली, फाटलेली आणि रक्ताने भिजलेली. तिच्याखाली कोणी नव्हते. सपाट दाबलेली माती तेवढी होती.

लोक मागे सरले. "पळाला असेल," न्हावी कुजबुजला. "या भिंतीखालून?" सोनाराने विचारले.

थोरले पंच पुढे झाले. "मानकऱ्यांनी कल लपवला होता, हे आता उघड झाले आहे. नियमाप्रमाणे..."

"हो," मानकरी म्हणाला. "लपवला होता. तुमच्याइतकाच." त्याने आपले चुन्याने आणि रक्ताने माखलेले हात सर्वांसमोर धरले. कोणीही आपले हात बाहेर काढले नाहीत. मग त्याने मुलीला खांद्यावर घेतले आणि बायकोला म्हटले, "चल."

"कुठं?" तिने विचारले.

"वर."

"अहो, राजा तुम्हांला जिवंत सोडेल का?"

"माहीत नाही. त्या गवंड्यानं चल म्हटलं होतं, एवढंच माहीत आहे."

कलत्या उन्हात तिघे डोंगर चढले. प्रत्येक वळणावर मानकरी पुढची वाट न्याहाळत होता. आता शिपाई येतील. आता विचारतील, तू तोच ना? काय दाखवायला आणलेस? त्याच्याकडे दाखवायला काही नव्हते. एकदा तो थांबलाही, आणि परत फिरावे असे त्याला वाटले. पण खाली परतण्यासारखे काही उरलेले नव्हते. कातळावर पाय ठेवला, तेव्हा त्याच्या ध्यानात आले, की पायाखाली प्रथमच काहीही हलत नव्हते.

पहिल्याच घराच्या अंगणात कुंभारीण चाक फिरवत बसली होती. तिने वर पाहिले. मानकऱ्याने मान खाली घातली. "बाई, मी तुझं घर..."

"आधी आत तर या, मानकरी," ती उठत म्हणाली. "पोर तापलीय. माझ्यावर ज्यानं उपकार केले, त्याच्या दारात उभी राहून मी तुमच्याशी भांडू होय?"

तिने दार ढकलले. आत उजेडात जो उभा होता, त्याला पाहून मानकरी उंबऱ्यातच थबकला. तोच गवंडी. पण अंगावर राजवस्त्रे होती, आणि उघड्या खांद्यावर, पाठीपर्यंत गेलेली, भिंतीच्या धोंड्यांची ताजी खूण.

"राजाचा मुलगा आहे हा," कुंभारीण हळूच म्हणाली. "इथं सगळ्यांना ठाऊक आहे."

मानकरी जमिनीवर कोसळला. "महाराज, भिंत तर आपल्यावर पडली होती!"

"पडली," राजपुत्र म्हणाला, आणि त्याने वाकून तापलेल्या मुलीला आपल्याकडे घेतले. "माझ्यावर पडली, म्हणूनच ती तुझ्यावर आता कधीही पडणार नाही. ऊठ. पोरीला पाणी पाज."

त्यानंतर रोज सकाळी मानकरी कातळाच्या कडेवर उभा राहून खाली हाका मारत असे: "या! माझं काही तपासलं नाही! तुमचंही तपासणार नाहीत! या!" काही जण आले, चुन्याचे हात लपवत, लाजत, भीत भीत आले, आणि त्यांना कोणीही काही विचारले नाही. थोरले पंच आणि त्यांचे सोबती मात्र आले नाहीत. भिंती सरळ झाल्याशिवाय वर जाणे त्यांना अपमानाचे वाटत होते. ज्येष्ठाच्या अखेरीस राजा खाली जायला निघाला, तेव्हा त्याला एकाही भिंतीला ओळंबा लावावा लागला नाही. आदल्या दुपारी माती शेवटची आक्रसली होती. कातळावर उभ्या असलेल्यांनी एकामागून एक भिंती पडल्याचे आवाज ऐकले, आणि मग थाप्यांचे आवाज थांबले.

तात्पर्य: नियमशास्त्र माणसाला त्याचा कल दाखवते, पण तो सरळ करू शकत नाही; माणूस तरतो तो आपला दंड स्वतःवर घेणाऱ्या ख्रिस्ताच्या कृपेने, आणि ती कृपा पात्रता सिद्ध करून नव्हे, तर विश्वासाने, रिकाम्या हातांनीच घ्यावी लागते.